स्पिटफायर मार्क ९ (१:४८): पॅनेल लाइनचा वॉश किती गडद असावा?

प्रश्न

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर मार्क ९ या ब्रिटिश लढाऊ विमानाचे १:४८ प्रमाणातले प्लास्टिकचे मॉडेल जोडून आणि रंगवून झाले आहे. वरून गडद हिरवा व ओशन ग्रे, खालून मीडियम सी ग्रे, अशी ऑगस्ट १९४१ पासून ब्रिटिश लढाऊ विमानांवर आलेली रंगसंगती घेतली आहे. आता डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे) आणि पॅनेल लाइनचा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांसाठी कोरलेल्या रेघांत भरायच्या पातळ गडद रंगाचा, वॉश उरला असून नेमका इथेच हात अडला आहे. बहुतेक मॉडेलांच्या पंखांवर काळ्या रेघांचे जाळे ठळक दिसते, पण युद्धकाळातल्या छायाचित्रांत खऱ्या विमानावर तसे काही आढळत नाही. वॉश द्यावा की नाही, आणि द्यायचा तर किती गडद? डिकॅल त्याआधी लावावीत की नंतर?

प्रतिसाद १

तुमची शंका अगदी रास्त आहे. किटवर कोरलेली रेघ ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तरी ४८ने गुणल्यावर खऱ्या विमानात ती जवळजवळ एक सेंटिमीटरची फट होते, आणि पत्र्यांच्या सांध्यात एवढी फट असलेले विमान कोणी उडवणार नाही. तिच्यात काळा वॉश भरला की ही अतिशयोक्ती आणखी डोळ्यांवर येते. स्पिटफायरच्या बाबतीत तर पंखाच्या पुढच्या कडेलगतचे सांधे आणि रिव्हेट भराव देऊन, घासून गुळगुळीत केले जात, कारण तिथला जरासा उंचवटाही वेग खातो. त्या भागातल्या रेघा मी वॉशशिवायच ठेवतो.

मात्र सगळ्याच रेघा सारख्या नसतात, हे ध्यानात घेतले की निर्णय सोपा होतो. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे), एलिव्हेटर (आडव्या शेपटीचे) आणि रडर (उभ्या शेपटीचे) हे हलणारे भाग असल्याने त्यांच्याभोवती खरीच फट असते व तिच्यात सावली पडते. तिथे गडद करडा-तपकिरी वॉश शोभतो. इंजिनावरची झाकणे आणि तोफा-मशीनगनवरची झाकणे मेकॅनिक वारंवार उघडत, त्यामुळे त्यांच्या कडांना तेल-मळ साचे. तिथे मध्यम छटा द्यावी. उरलेल्या कायमच्या सांध्यांना मूळ रंगापेक्षा किंचित गडद अशी छटा पुरे. फ्लॅपची (उतरताना वेग कमी करण्यासाठी खाली उघडणाऱ्या पट्टीची) रेघ फक्त पंखाखाली असते, वरच्या पृष्ठभागावर ती शोधू नये. जमिनीवर उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप सहसा वर घेतलेलेच असत, त्यामुळे ते उघडे दाखवण्याचा मोहही टाळलेला बरा.

प्रतिसाद २

वरच्या मताशी मी बव्हंशी सहमत आहे, पण कायमचे सांधे पार पुसून टाकण्याच्या बाजूने मी नाही. मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे खरे विमान १४-१५ मीटरवरून पाहण्यासारखे. तेवढ्या अंतरावरूनही उन्हात पत्र्यांच्या छटांमधला फरक जाणवतो, आणि तो खोलीतल्या दिव्याखाली आपोआप उमटत नसल्याने रंगाने थोडा सुचवावा लागतो.

आता क्रमाबद्दल. आधी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर), मग डिकॅल, त्यावर पुन्हा पातळ ग्लॉस कोट, मग वॉश आणि शेवटी मॅट (चमक नसलेले) वार्निश. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. त्यावर डिकॅल बसवले तर खाली हवा अडकते आणि पारदर्शक पापुद्रा चंदेरी चमकू लागतो. तसे कुठे झालेच, तर त्या जागी सुईच्या टोकाने बारीक छिद्रे पाडून डिकॅल मऊ करणारे द्रावण सोडावे. वॉश तैलरंगाचा आणि खालचा कोट ॲक्रिलिकचा असेल, तर व्हाइट स्पिरिटने पुसताना रंगाला धक्का लागत नाही. वॉश हाताला कोरडा लागू लागला, की किंचित ओलसर मऊ कापडाने पुढून मागे, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या दिशेने पुसावा. जो माग मागे राहतो तो झिजेसारखाच दिसतो. एक्झॉस्टचे डाग मात्र मॅट वार्निशनंतरच द्यावेत, कारण पेस्टलची पूड चकचकीत पृष्ठभागावर धरत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हलत्या भागांपासून सुरुवात करतो. रंग उडून आतला पत्रा दिसतो, तसे चंदेरी ओरखडे कुठे दाखवावेत?

प्रतिसाद १

वैमानिक डाव्या बाजूच्या छोट्या दारातून कॉकपिटमध्ये चढत असे, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी झालेली झीज सर्वाधिक दाखवावी. उजवीकडे ती बरीच कमी. इंजिनाच्या झाकणांच्या खिट्ट्यांभोवती चांदीचे मोजके ठिपके चालतील, आणि ते ब्रशपेक्षा स्पंजच्या बारीक तुकड्याने अधिक नैसर्गिक उमटतात. रडर कापडाने मढवलेले असल्याने त्यावर चंदेरी ओरखडा कधीच काढू नये. प्रोपेलरबाबतही तीच काळजी घ्यावी: मार्क ९ची चार पाती लाकडाचे थर दाबून बनवलेली असत, त्यामुळे तिथे रंग उडाला तरी खाली ॲल्युमिनियम दिसायचे नाही. मशीनगनच्या तोंडांवर धूळ-ओलावा आत जाऊ नये म्हणून लाल कापडी पट्ट्या चिकटवत, आणि गोळीबार झाला की त्या फाटत. तुमचे विमान नुकतेच मोहिमेवरून परतलेले दाखवायचे असेल, तर पट्ट्या फाटलेल्या ठेवून पंखाखाली, काडतुसे बाहेर पडण्याच्या खाचांपासून मागे, काजळीचे पुसट पट्टे ओढावेत. पट्ट्या अखंड असतील, तर काजळी जवळजवळ नकोच.