वालहाला : बंद पडलेली सोन्याची खाण आणि भोवतीचे रान

विट्याचा गलाईवाला :
सर्वांना नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्यांचा गलाईचा व्यवसाय असल्याने मोडीचे दागिने मुशीत आटवून तेजाबाने शुद्ध केलेले सोने रोजच हाताळतो, पण ते खडकातून कसे निघते हे कधी पाहिलेले नाही. मार्चमध्ये मुलाकडे मेलबर्नला जात असून तेथून वालहाला हे सोन्याच्या खाणीचे जुने गाव पाहावे, असा विचार आहे. सौभाग्यवतींना गुडघेदुखी आहे. तेथे पाहण्यासारखे काय उरले आहे?

सांगलीकर, मुक्काम मेलबर्न :
वालहाला येथून सुमारे 180 किलोमीटर पूर्वेला, अरुंद दरीत आहे. ‘लाँग टनेल एक्स्टेंडेड’ ही 13 टनांहून अधिक सोने दिलेली खाण वाटाड्यासह पाहता येते आणि आतील बोगदा बहुतांशी सपाट असल्याने वहिनींना अडचण येऊ नये. उतारावरची दफनभूमी मात्र त्यांनी खालूनच पाहावी. गावात रेल्वे आली 1910 साली आणि शेवटची मोठी खाण बंद पडली 1914 साली, म्हणजे वरात निघाल्यावर घोडे आले म्हणायचे! वीज तर थेट 1998 साली पोहोचली. छोटी पर्यटन रेल्वे ठरावीक दिवशीच धावते, तेव्हा आधी वार पाहावा.

पाटणचा भटक्या :
खाणीइतकेच भोवतालचे जंगल पाहावे, कारण ते मूळचे नाही. सोने गारगोटीच्या शिरेत असल्याने दगड वर ओढायला, कुटायला आणि खाणीतले पाणी उपसायला बाष्पयंत्रे लागत, त्यांच्या भट्ट्यांसाठी इतकी झाडे तुटली की जुन्या छायाचित्रांत ते डोंगर पार बोडके दिसतात. आज तेथे निलगिरीची दाट झाडी आहे. चांदोलीत उठलेल्या गावांच्या शेतांवर रान चढलेले मी पाहिले आहे. पण तेथे माणसे हलवावी लागली, येथे सोने सरल्यावर ती आपणहून गेली.

विट्याचा गलाईवाला :
आभारी आहे. ओढ्यातील वाळू धुऊन पाहता येईल का? झारेकऱ्यांनी (सोनारांच्या दुकानातली माती धुऊन सोने काढणाऱ्यांनी) धुतलेल्या मातीतले सोने आम्ही अनेकदा आटवले आहे, म्हणून उत्सुकता.

सांगलीकर, मुक्काम मेलबर्न :
व्हिक्टोरिया राज्यात त्यासाठी ‘मायनर्स राईट’ नावाचा परवाना लागतो आणि तो असला तरी सर्वच जागी परवानगी नसते. स्थळाची खात्री करूनच पाण्यात उतरावे.