'ब्लॅकपोल'मधला पोल कुठला?

कोरी वही:
मुलांच्या एका पक्षीपुस्तकाचा अनुवाद करतेय. 'ब्लॅकपोल वॉर्बलर'पाशी गाडी अडली आहे. अलास्का-कॅनडाच्या सूचीपर्णी रानात घरटं करणारा, हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत जाणारा इवलासा स्थलांतरित पक्षी. वॉर्बलरला आपला वटवट्या आहे, पण पोलचं काय करू? पहिल्या खर्ड्यात 'काळखांब्या' लिहिलं होतं. संपादकांनी समासात एक खांब काढून परत पाठवलं.

रफार:
खांबाच्या पोलला एक 'एल', याला दोन. हा मतदानातला पोल. मूळ अर्थ डोकं, माथा. मतं घेताना डोकी मोजायची, म्हणून तो शब्द मतदानाला चिकटला. आपलं 'दरडोई' आणि 'शिरगणती' आठवा, म्हणजे उलगडेल. 'काळडोई' करा.
जाता जाता: 'स्थलांतरित' चूक. त्याला कुणी उचलून नेलंय का? 'स्थलांतरी' म्हणा.

पानगळ:
काळडोई ऐकून डोईवरचा हंडा आठवतो. 'काळ्या डोक्याचा भारीट' रुळलेला आहे, तसंच 'काळ्या डोक्याचा वटवट्या' करा की. नवे शब्द पाडायची हौस कशाला?

रफार:
हौस नाही, काटकसर. तीन शब्दांचं काम एकात होतंय.

तळटीप:
मला 'वटवट्या'च खटकतो. मी नोव्हा स्कोशियात राहते. मे महिन्यात हा पक्षी झाडाच्या शेंड्यावर बसला होता. मुलगी म्हणाली, "आई, ऐक ना, किती गातोय!" मला फक्त चोच हलताना दिसली. एकाच पट्टीतलं किड्यासारखं बारीक 'त्सित् त्सित् त्सित्', आणि इतकं वरच्या सुरात की वय झालेल्या कानांना ऐकूच येत नाही. वटवट म्हणजे काय ते मला विचारा, आमच्या आत्याबाई होत्या. ही ती नव्हे.
शिवाय अमेरिकेतले वॉर्बलर हे निराळंच कूळ आहे. युरोपातून गेलेल्यांनी दिसण्यावरून घरचं नाव तिथं लावून टाकलं. त्यांची चूक आपण मराठीत कशाला जपायची?

पानगळ:
मग काय म्हणायचं? शास्त्रीय नाव 'सेटोफागा स्ट्रायाटा', म्हणजे रेघारेघांचा पतंगखाऊ. मुलं कागदाचा पतंग खाणारा पक्षी काढतील!

तळटीप:
काढू देत. तसाही हा पक्षी खाण्यासाठीच लक्षात राहावा. वजन जेमतेम १२ ग्रॅम, पण प्रवासाआधी खाऊन खाऊन ते जवळपास दुप्पट करतो. मग थेट अटलांटिकवर झेप. पाठीवर नोंदयंत्रं बसवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात न थांबता २,२७० ते २,७७० किलोमीटर, दोन-तीन दिवस. खाली पाणी, टेकायला फांदी नाही. अशाला 'स्थलांतरित' म्हणणं मलाही जरा मिळमिळीत वाटतं.

उकार:
मिळमिळीत असेल, चूक नाही. रफार, वेल 'पुष्पित' होते ती कुणी फुलं चिकटवली म्हणून का? 'इत' लागला की कर्मणीच, हे कुणी शिकवलं तुम्हाला? ज्याचं स्थलांतर झालं तो स्थलांतरित.

रफार:
पुष्पितमध्ये फूल येऊन चुकलेलं असतं. हा दर वर्षी जातो-येतो. झालेलं आणि करत राहणं यात फरक आहे.

उकार:
'स्थलांतरी' मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. पोथीतून काढलात की आत्ताच घडवलात?

पानगळ:
'काळडोई'वालेच ते!

कोरी वही:
मंडळी, पानं उद्या द्यायची आहेत. आत्ता चित्र नीट पाहिलं. माथा काळा फक्त विणीच्या दिवसांतल्या नराचा. पुस्तकात आहे ती मादी, हिरवट-करडी, डोक्यावर नुसत्या रेघा. हिला काय म्हणू?

रफार:
उकार, 'प्रवासी'ला 'प्रवासित' म्हणता का तुम्ही?