विषय: 'ऑल अबाउट माय रोमान्स'नंतर पुढची कोरियन मालिका कोणती लावावी?

प्रेषक: शनिवार चित्रगट

सर्वांस सप्रेम नमस्कार.

परवा 16वा भाग संपला, तरी सभागृहाच्या किल्ल्या परत करण्याची वेळ होईपर्यंत मंडळी खुर्च्यांवरून हलली नाहीत. याच धर्तीची दुसरी मालिका हवी, अशी सर्वांचीच मागणी आहे. एका मोठ्या पुराणमतवादी पक्षाचा खासदार आणि अवघ्या दोन खासदारांच्या पुरोगामी पक्षाची अध्यक्षा यांचे प्रेम उघडकीस आले, तर त्यांनी आपापल्या मतदारांना काय तोंड दाखवायचे, हाच 2013 सालच्या या मालिकेचा जीव होता. म्हणून राजकारण वगळले तर कथाच उरणार नाही, अशीच प्रेमकथा सुचवावी. राजवाड्यातल्या कथा नकोत. 'प्रिन्सेस अवर्स' आपण दोनदा पाहिली आहे. कृपया गुरुवारपर्यंत कळवावे.

---

प्रेषक: ग्रंथालयाचे काका

माझे मत निःशंकपणे 'सिटी हॉल'ला आहे. 2009 सालच्या या मालिकेचे लेखन किम उन-सुक यांचे आहे. इंजू या काल्पनिक शहराच्या नगरपालिकेत सर्वांत खालच्या श्रेणीवर काम करणारी, साहेबांना कॉफी नेऊन देणारी शिन मी-रे पुढे त्याच शहराची महापौर होते. तिचा राजकीय प्रवास सुरू होतो तो एका माशाच्या नावाने भरवलेल्या सौंदर्यस्पर्धेतून: ती जिंकते, पण बक्षिसाची रक्कम तिच्या हाती पडत नाही. आपल्या हक्काचे पैसे मागणाऱ्या साध्या बाईला व्यवस्था कशी वागवते, हे त्या प्रसंगांत फार जवळून दिसते. तिच्यासमोर राष्ट्राध्यक्षपदाचे स्वप्न पाहणारा उपमहापौर चो गुक आहे, आणि त्याची महत्त्वाकांक्षा हाच त्यांच्या प्रेमातला खरा अडसर आहे.

'प्राइम मिनिस्टर अँड आय' कुणी सुचवणार असेल तर आधीच सांगतो की तीत पंतप्रधान असला, तरी सारी गोष्ट विधुर बाप, तीन मुले आणि करारावरचे लग्न यांचीच आहे. चित्रगटाने घातलेल्या अटीत ती बसत नाही.

---

प्रेषक: वहिनी, ढोलपथक

काकांची निवड उत्तम आहे, परंतु 'सिटी हॉल'चे 20 भाग आहेत. दर पंधरवड्याला दोन भाग धरले तर पाच महिने लागतील, आणि शेवटचे भाग नेमके गणपतीच्या तालमींत येतील. तालमींसाठी सभागृह आम्हांला लागते, हे गेल्या वर्षीच ठरले आहे.

त्याऐवजी 2020 सालची 'इंटू द रिंग' घ्यावी; तिचे 16च भाग आहेत. सोलमध्ये 25 प्रशासकीय विभाग आहेत आणि प्रत्येकाची स्वतंत्र निवडून आलेली परिषद असते. त्या धर्तीच्या मावॉन या काल्पनिक विभागात नायिका राहते. दिसेल त्या गैरसोयीची तक्रार नोंदवत राहणे हा तिचा स्वभाव आहे. नोकरी गेल्यावर, वर्षाला 90 दिवसांचे काम आणि 5 कोटी वॉन मानधन एवढ्याच हिशेबाने ती पोटनिवडणुकीला उभी राहते आणि त्या कामातच हळूहळू खरी लोकप्रतिनिधी घडत जाते. नायक परिषदेच्या कार्यालयातला शिस्तप्रिय कर्मचारी आहे. माझे सासरे पंधरा वर्षे नगरसेवक होते. रात्री अकरा वाजता दारात उभे राहून नळाला पाणी नसल्याचे सांगणारी माणसे मी त्यांच्या घरी पाहिली आहेत, म्हणून ही मालिका मला फार आपली वाटली.

खरी अडचण निराळीच आहे. भारतातून आलेल्या आईबाबांना इंग्रजी उपशीर्षके वेगाने वाचता येत नाहीत. गेल्या वेळी ताई मोठ्याने मराठीत वाचत होत्या; त्या आता नातवंडाकडे गेल्या आहेत. यंदा वाचणार कोण?

---

प्रेषक: काका

तालमी जुलैअखेरपर्यंत पलीकडच्या लहान खोलीत व्हाव्यात, असेही गेल्या वर्षीच ठरले होते, याची नम्र आठवण करून देतो.

---

प्रेषक: बालवर्ग शिक्षिका

मी फक्त वाचनाबद्दल लिहिते. वाचणारा कुणीही असो, त्याने इंग्रजी ओळ जशीच्या तशी मराठीत आणू नये. कोरियन भाषेत आपल्यासारखेच आदराचे बोलणे आणि सलगीचे बोलणे वेगळे आहे; पहिल्याला 'जोंदेन्माल' आणि दुसऱ्याला 'बानमाल' म्हणतात. इंग्रजीत उतरताना दोन्हींचे एकच 'यू' होते. संसदेत एकमेकांना मानाने 'खासदारसाहेब' म्हणणारी माणसे रागाच्या किंवा प्रेमाच्या भरात 'तू'वर येतात, तेव्हा नाते बदलल्याचे तिथल्या प्रेक्षकाला त्या एका शब्दावरून कळते. आपल्या 'अहो' आणि 'अगं'मध्ये हे सहज आणता येते, मात्र त्यासाठी कान कोरियन आवाजाकडे ठेवावा लागतो. वाक्याच्या शेवटी 'यो' ऐकू आले तर बहुधा 'तुम्ही' धरावे. 'ऑल अबाउट माय रोमान्स'च्या मराठी वाचनात पहिल्या भागापासून नायक-नायिका एकमेकांना 'तू' म्हणत होते, त्यामुळे माझ्या आईला त्यांचे भांडण नवराबायकोचे वाटले.

---

प्रेषक: चिटणीस

सर्वांचे म्हणणे वाचले. सभागृह जुलैअखेरपर्यंतच मोकळे असल्याने एप्रिलच्या पहिल्या शनिवारी 'इंटू द रिंग' सुरू करावी आणि 'सिटी हॉल' दिवाळीनंतर घ्यावी. काकांनी तेवढे थांबावे, ही विनंती. तालमींच्या खोलीचा विषय कार्यकारिणीच्या बैठकीत घेऊ.

वाचनाची जबाबदारी बालवर्ग शिक्षिकांनी घ्यावी, असे मी सुचवतो. त्यांनी पहिले दोन भाग आधी घरी पाहून कोणत्या पात्राने कुणाला 'तुम्ही' म्हणायचे, याचा एक कागद तयार केला, तर त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्यालाही वाचता येईल. आईबाबांसाठी पहिली रांग राखून ठेवतो आहे.

---

प्रेषक: बालवर्ग शिक्षिका

जबाबदारी घेते. मात्र वाचताना भाग मध्येमध्ये थांबवावा लागेल, त्यामुळे सभागृह नऊऐवजी साडेनऊपर्यंत मिळाले पाहिजे. ते मिळणार का, एवढे आधी कळवावे.