नऊवारीचा पदर रबरासारखा ताणतोय, काष्टा मांडीत घुसतोय (ब्लेंडर क्लॉथ)

रेषावाली:
नमस्कार मंडळी, लावणी नर्तकीचं कॅरेक्टर करतेय ब्लेंडरमधे (3डी सॉफ्टवेअर), गिरकी घेतलीये आणि पदर मागे उडालाय अशी पोज. बॉडीचं स्कल्प्टिंग मस्त झालंय पण साडीने डोकं उठवलंय. नऊ वार म्हणजे साधारण 8.2 मीटर, तेवढा लांब प्लेन (सपाट पट्टी) घेतला, भरपूर सबडिव्हाइड केला (बारीक चौकोनांत तोडला), अंगाभोवती गुंडाळला आणि क्लॉथ सिम्युलेशन लावलं, म्हणजे कापड कसं पडेल ते सॉफ्टवेअरच मोजतं. पदर च्युइंगमसारखा लोंबतो, काष्टा मांडीच्या आरपार जातो, आणि जरीचा काठ पण बाकीच्या कापडासारखाच मऊ मऊ वळतो. सिल्कचा प्रीसेट (तयार सेटिंग) लावून बघितला, ढिम्म फरक नाही. कुठे घोळ होतोय?

जाळीवाला:
ताई आधी कंट्रोल ए दाबून स्केल अप्लाय करा (लहानमोठं केलेलं माप पक्कं करा), बाई खरंच दीड-पावणेदोन मीटरची आहे का तेही बघा, कारण कोलिजनची (कापड अंगाला अडवण्याची) जाडी मीटरमधे मोजली जाते. बॉडीवरच्या कोलिजनमधे आउटर थिकनेस मुळात 0.02 असतो, म्हणजे 2 सेंटीमीटर. मूर्ती वीतभर उंचीची केली असेल तर तेवढ्यात सगळा काष्टाच गिळला जाणार.

आता ताणण्याचं. व्हर्टेक्स मास (जाळीच्या एकेका बिंदूचं वजन) बघा, सिल्कला 0.15 किलो असतो, पण तो एकेका व्हर्टेक्सचा, अख्ख्या साडीचा नाही!! तुमच्या प्लेनमधे 40,000 व्हर्टेक्स असतील तर साडी झाली 6 टनाची 😄 मग बिंदूंना जोडणाऱ्या स्प्रिंगा बिचाऱ्या ताणणारच की. मास बराच खाली आणा, टेन्शन (ताणाला विरोध) वाढवा, क्वालिटी स्टेप्स (दर फ्रेमला किती टप्प्यांत गणित) 5 वरून 12-15 करा. वेळ लागेल, चहा करून या.

मातीवाला_मामा:
जाळीवाला म्हणतो ते सेटिंग बरोबर आहे, पण मी म्हणतो अख्खी नऊवारी सिम्युलेट करायचीच कशाला. खरी नऊवारी नेसताना बाई हाताने निऱ्या घालते, दाबते, खोचते, ओढून घट्ट करते, हे सगळं ग्रॅव्हिटी आपोआप करून देईल ही आशा सोड. कमरेखालचा भाग वेगळा ऑब्जेक्ट कर, काष्टा सरळ हाताने मॉडेल कर, निऱ्या नागमोडी पट्टीसारख्या घाल आणि कमरेशी पिन ग्रुप (जागेवरून न हलणारे बिंदू) लावून थोड्याच फ्रेम चालव, नुसतं कापड अंगावर बसण्यापुरतं. मग क्लॉथ मॉडिफायर अप्लाय करून (आकार कायम करून) स्कल्प्ट मोडमधला क्लॉथ ब्रश घे (2.83 पासून आहे), कोलिजन चालू ठेव आणि गुडघ्यामागे, कमरेच्या खोचणीपाशी सुरकुत्या ओढून काढ. घडी कुठून निघते ते बघ, खोचणी हा ताणाचा बिंदू, तिथून घड्या पंख्यासारख्या पसरल्या पाहिजेत. हे नसेल तर सिम्युलेशन कितीही महागडं असो, अंगावर चादर टाकल्यासारखंच दिसतं.

आणि एक, रागावू नकोस, लावणीत पदर बहुतेक वेळा पुढून घेऊन कमरेला घट्ट खोचलेला असतो, नाहीतर नाचताना पायात येईल. गिरकीत मागे उडणारा पदर जाणकाराला लगेच खटकेल.

रेषावाली:
मामा पदराचं पटलं, पोज बदलते, दोन्ही हातांनी पदराचं टोक डोक्यावर धरलंय अशी करते. मास कमी केल्यावर ताणणं जवळजवळ गेलं!! पण काठाचं काय, तो अजून मऊच आहे.

जाळीवाला:
काठाच्या व्हर्टेक्सचा वेगळा ग्रुप करा, वेट (परिणामाचं प्रमाण) 1, आतल्या बाजूला हळूहळू 0 पर्यंत उतरवा. मग क्लॉथमधे प्रॉपर्टी वेट्स उघडून तो ग्रुप बेंडिंगला (वाकण्याला विरोध) द्या आणि मॅक्स बेंडिंग साध्या बेंडिंगच्या कितीतरी वर न्या. मधला भाग लवेल आणि काठ मोठ्या, कडक वळणात उभा राहील. दोन्ही हातांच्या मधे पदराचा झोल पडेल तिथे हा फरक सगळ्यात जास्त दिसेल.

झेडब्रशकर:
झेडब्रशमधे (स्कल्प्टिंगचं दुसरं सॉफ्टवेअर) असाल तर तिथे पण डायनॅमिक्स (कापडाचं सिम्युलेशन) आहे, 2021 च्या व्हर्जनपासून. फक्त बॉडी हलवली की कोलिजन व्हॉल्यूम (कापड ज्याला अडतं तो आकार) परत मोजायला लावा, नाहीतर कापड जुन्या पोजवरच आपटत बसतं. बारीक मेशवर (जाळीवर) कापड ताणल्यासारखं वाटलं तर सिम्युलेशन इटरेशन्स (गणित किती वेळा करायचं) वाढवा.

मातीवाला_मामा:
आणि प्लेन चौकोनी जाळीचा ठेवला असशील तर घड्या जाळीच्या रेषांवरच मोडतात, सगळ्या एका ओळीत. सिम्युलेशनपुरती वेडीवाकडी त्रिकोणी जाळी घे, फायनल मेश नंतर कर. पदर जमला की फोटो टाक इथे.