तुतारीची जोडी जमत नाही, वरचा स्वर फुटतो

शिंगवाला_सोलापूर: संक्रांतीनंतर लग्नं, शिवजयंती, उद्घाटनं अशा सुट्या सुपाऱ्या घ्यायच्यात. दोन पितळी तुताऱ्या आहेत, दोन-दोन तुकड्यांच्या, नळी १८० सेंमीच्या आसपास. खालचा सा आणि प ठीक लागतात, वरचा सा फुटतो. दोघी एका स्वरात येत नाहीत. पंधरा मिनिटांत ओठ जातात ते वेगळंच.

पितळकाम: जुळवायच्या आधी गळती बघा. तोंडाकडचा तुकडा सुटा काढून पुढचं भोक तळहातानं दाबा, वाटीतून (तोंड लावायच्या टोकातून) हवा ओढून जीभ लावा. ओढ लगेच सुटली तर सांध्याला भेग आहे. साबणाचं पाणी लावून फुंकलं की बुडबुडा जागा दाखवतो. खालचा स्वर थोडी गळती खपवून घेतो, वरचा नाही. भेगेला डाग (झाळ) तांबटाकडून द्या, पण वाटीपाशी शिशाचा डाग नको, ओठ तिथंच टेकतात. जोडाला मेण लावलेला सुती दोरा, दोन-तीन वेढे. एम-सील भरलंत तर तुकडे पुन्हा सुटणार नाहीत.

जोड १ सेंमी बाहेर ओढला की एवढ्या नळीत स्वर अर्धस्वराच्या जेमतेम दहाव्या भागानं उतरतो. जोडीत अख्ख्या अर्धस्वराचा फरक असेल तर १० सेंमी ओढावं लागेल, तेवढा जोड नसतोच. मग सरळ जोडीदार तुतारी बदला.

आणि घरी जुळवून नेऊ नका. सकाळच्या १५ अंशांतून दुपारच्या ३० अंशांत स्वर जवळजवळ पाव स्वर चढतो. ठिकाणावर दोन्ही पाच मिनिटं फुंकून गरम करा, मग जुळवा. एक उन्हात, एक मांडवात ठेवली की संपलं.

सनई_चौघडा: ओठ जातात कारण वरच्या स्वराला तुम्ही वाटी ओठांवर दाबताय. दाबानं रक्त थांबतं, ओठ थरथरत नाही. कोपरे आवळा, फुंक बारीक आणि वेगवान करा. वाजवायच्या आधी तूप-व्हॅसलीन नको, वाटी घसरते, रात्री लावा. सनईवाल्याचा सा आधी विचारून घ्या, तुतारी ऐनवेळी वर-खाली होत नाही.

मांडव_मंडळी: दादा, सुपारी तासावर घेऊ नका, फुंकींवर घ्या: वरात दारात, वरमाला, पाहुण्यांचं स्वागत. दर वेळी मिनिटभर, मध्ये विश्रांती. विसार आधी, बाकी वाजवण्याआधी. तारीख, पत्ता, किती वेळा, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या म्हणजे ‘अजून एकदा’ला उत्तर तयार. रात्री १० नंतर उघड्यावर वाद्य चालत नाही, ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. वरात उशिरा निघाली तरी पैसे ठरलेलेच, हेही लिहा.

गड्ड्याच्या (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सोलापुरात नंदीध्वजांची मिरवणूक ६८ लिंगांना जाते, रस्ते भरलेले असतात. त्या दिवशी शहराच्या दोन टोकांच्या सुपाऱ्या घेऊ नका.

शिंगवाला_सोलापूर: एका तुतारीच्या जोडाजवळ बुडबुडे आले. तांबटाकडे दिली. दुसरी ओढ धरते.

पितळकाम: डाग आतून साफ करून घ्या बरं का, नळीत गाठ राहिली तर स्वर तिथंच अडखळतो.