डिस्कलेस संगणक नेटवर्कवरून बूट होताना मध्येच अडकतो: सल्ला हवा

प्रश्न

नमस्कार. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील हार्डडिस्क नसलेले बारा संगणक एका डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवरून चालवण्याचा माझा प्रयत्न आहे. पीएक्सईला (नेटवर्कवरून बूट करण्याच्या सोयीला) डीएचसीपीकडून (नेटवर्क पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळतो, टीएफटीपीवरून (साध्या फाइल-वहन पद्धतीने) कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीची तात्पुरती फाइल प्रणाली) उतरतात, परंतु त्यानंतर पडद्यावर दोन सेकंदांत उत्तर नाही, तीन सेकंदांत नाही, चार सेकंदांत नाही, अशा अर्थाच्या ओळी येत राहतात. अर्ध्या मिनिटाने पुन्हा पत्ता मिळतो, पण एनएफएसवरील (नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणाऱ्या सेवेवरील) रूट, म्हणजे मुख्य फाइल प्रणाली, माउंट होताना (जोडली जाताना) ‘परमिशन डिनाइड’ असे येऊन सारे थांबते. नेटवर्क कार्डे बदलावीत का?

प्रतिसाद १

कृपया कार्डांवर खर्च करू नका. कर्नल उतरला, याचा अर्थ कार्ड आणि केबल दोन्ही ठीक आहेत. येथे दोन स्वतंत्र अडचणी दिसतात.

कर्नलचा ड्रायव्हर कार्ड नव्याने सुरू करतो तेव्हा लिंक क्षणभर तुटते, आणि स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधील चक्रे रोखणारी व्यवस्था) चालू असेल तर पोर्ट पूर्वनिर्धारित मांडणीत ‘लिसनिंग’चे 15 आणि ‘लर्निंग’चे 15 सेकंद संपेपर्यंत संगणकाचे एकही पॅकेट पुढे जाऊ देत नाही. संगणकांना जोडलेल्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही प्रतीक्षा वगळणारी सोय) चालू करा. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टावर मात्र मुळीच करू नका, कारण तेथे चक्र तयार झाले तर सारे नेटवर्क कोलमडेल. खात्री करायची असल्यास सर्व्हरवर टीसीपीडंप (पॅकेट पाहण्याचे साधन) लावून डीएचसीपीच्या 67 क्रमांकाच्या पोर्टावर विनंती केव्हा पोहोचते ते पाहावे.

‘परमिशन डिनाइड’साठी सर्व्हरवरील एक्सपोर्ट्स फाइल (कोणत्या पत्त्यांना एनएफएसचे फोल्डर द्यायचे याची यादी) तपासा. डीएचसीपी ज्या श्रेणीतील पत्ते वाटतो, तीच श्रेणी तेथे लिहिलेली आहे का?

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. फाइलमध्ये जुनी श्रेणी राहून गेली होती. ती दुरुस्त करून ती यादी पुन्हा लागू करणारी ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ ही आज्ञा चालवताच रूट माउंट झाले, आणि पोर्टफास्टनंतर पत्ताही लगेच मिळू लागला.

प्रतिसाद २

आनंद वाटला. मात्र बाराही संगणकांना एकच रूट लिहिण्यायोग्य स्वरूपात देऊ नका. लॉग आणि तात्पुरत्या फाइली एकमेकांवर लिहिल्या जाऊन काही दिवसांत विचित्र बिघाड दिसू लागतील. रूट केवळ वाचनीय ठेवून त्यावर ओव्हरले (बदल वेगळे साठवणारा वरचा थर) घालावा. हे सर्व हाताने जुळवण्यापेक्षा एलटीएसपी (असे डिस्कलेस संगणक चालवण्याची तयार प्रणाली) वापरावे, असे माझे मत आहे: त्यात स्क्वॉशएफएस प्रतिमा (संपूर्ण प्रणालीची संकुचित, केवळ वाचनीय फाइल) सर्वांना सामायिक असते आणि प्रत्येक संगणकाचे बदल त्याच्याच रॅममध्ये राहतात. विद्यार्थ्यांच्या होम फोल्डरची सोय तेवढी सर्व्हरवर स्वतंत्रपणे करावी.