वायरलेस हेडसेटवरून बोलताना : तुमचे अनुभव सांगा

गेली दोन वर्षं मी कंपनीच्या बसने हिंजवडीला जातोय. सिंहगड रोडवरून निघालं की सव्वा-दीड तास हाताशी असतो, त्यातच आईला फोन करतो. आई कराडला एकटी राहते. बसमध्ये फोन कानाला धरून बसणं अवघड, म्हणून एका कानात घालायचा ब्लूटूथ हेडसेट घेतला. मला तिचं अक्षर न् अक्षर ऐकू यायचं. "बीपीच्या गोळ्या आहेत ना?" "हो." "गुडघा कसाय?" "हो हो." गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा पोहे देता देता म्हणाली, "तुझं निम्मं बोलणं मला कळतच नाही रे. पण तू दमलेला असतोस, सारखं काय म्हणू परत सांग म्हणून? हो म्हणते झालं."

तेव्हापासून ते मनातून जात नाही. हेडसेट घेताना मी गाणं लावून बघितलं होतं, पण कुणाला फोन लावून "मी नीट ऐकू येतोय का?" असं विचारलंच नव्हतं. तुमचं काय? कुठलं मॉडेल घेऊ हे नका सांगू. पलीकडच्या माणसाला आपलं बोलणं नीट पोचावं म्हणून काय केलंत, ते लिहा.

कर्वेनगरहून

माझा पुरणपोळ्यांचा घरगुती व्यवसाय आहे. हात मनगटापर्यंत कणकेत असतात आणि नेमका तेव्हाच ऑर्डरचा फोन वाजतो. पूर्वी सासूबाई फोन माझ्या कानाला धरायच्या. मग मुलाने गळ्यात अडकवायचा हेडसेट, नेकबँड, आणून दिला आणि फोन आपोआप उचलला जाईल अशी सेटिंगही करून दिली. होळीच्या आदल्या दिवशी एका बाईंनी साठ पोळ्या सांगितल्या, मी आठ ऐकल्या. संध्याकाळी त्यांचा माणूस दारात उभा आणि माझ्याकडे आठ पोळ्यांचा डबा! शेजारच्या दोघी धावून आल्या, रात्री साडेदहापर्यंत आम्ही तिघी लाटत होतो. आता कुणीही आकडा सांगितला की विचारते, "म्हणजे सहावर शून्य ना?"

आणखी एक. दुपारी आवाज सारखा तुटायचा. मुलाने शोधून काढलं, मायक्रोवेव्ह चालू असला की तुटतो. ओव्हन, वायफाय, ब्लूटूथ तिन्हींचा कारभार एकाच रेडिओ लहरींच्या पट्ट्यात, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलत गर्दीतून वाट काढतं म्हणे, पण मी फोन ठेवत होते तो ओव्हनच्याच डोक्यावर. आता तो खिडकीत असतो.

मगरपट्ट्याहून

रोज सात-आठ तास फोनवर बोलणं हीच माझी नोकरी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कर्वेनगरच्या ताई, साठचं आठ होण्यात तुमची काही चूक नाही. हेडसेटवर गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो. माइक सुरू झाला की दोन्ही दिशांनी पाठवावा लागतो, तोही वेळेवर, आणि मग दर्जा उतरतो. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, नव्या पद्धतीत १६,०००. ८,००० मध्ये स, श, फ या अक्षरांमधली वरची फूत्कारासारखी पट्टी कापलीच जाते. 'साठ'मधला स गेला की उरतं काय? नवी पद्धत तुमचा फोन आणि हेडसेट दोघांनाही यायला लागते, आणि नेटवर्कवरचा कॉलही त्या दर्जाचा असावा लागतो.

खोक्यावरची अक्षरं नीट वाचा. एएनसी म्हणजे आपल्या कानात बाहेरचा गोंगाट येऊ न देणं. आपल्या माइकमधून पलीकडे गोंगाट जाऊ नये म्हणून जे असतं ते ईएनसी. बसमध्ये आईशी बोलणाऱ्या दादांना दुसरं हवंय, आणि जाहिरात बहुतेक वेळा पहिल्याचीच असते. मीही एकदा फसले. मला अगदी शांत वाटत होतं आणि क्लायंटला घरासमोरच्या बांधकामाचा सगळा खडखडाट जात होता.

दादा, तुम्ही फोन कुठल्या खिशात ठेवता? हेडसेट एका कानात आणि फोन दुसऱ्या बाजूच्या पँटच्या खिशात असेल तर मध्ये अख्खं शरीर येतं. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी ब्लूटूथची लहर शोषून घेतं. फोन त्याच बाजूला, शर्टाच्या खिशात ठेवून बघा.

तपकीर गल्लीतून

रिपेअरिंग करतो. आवाज जात नाही म्हणून येणाऱ्या हेडसेटमध्ये पुष्कळदा माइकचं भोक धुळीने बुजलेलं असतं. टाचणी घालू नका, जाळी फाटते. कोरडा मऊ ब्रश पुरतो.

पौड रोडवरून

वय ७४. माझं श्रवणयंत्रच ब्लूटूथने फोनला जोडलेलं आहे. पूर्वी फोन यंत्राशी धरला की शिट्टी वाजायची. आता नातीचा आवाज थेट दोन्ही कानांत येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, ती खोलीतच आली असं वाटलं. अट एकच, रात्री आठवणीने चार्जिंगला लावावं लागतं.

वारज्याहून

गाडीवर बोलू नका, एवढंच सांगायला आलोय. मी हेल्मेटच्या आत दोन्ही इअरबड घालून बोलायचो. चांदणी चौकाच्या उतारावर मागून ट्रक हॉर्न देत होता, तो शेजारून गेला तेव्हा कळलं. हात मोकळे होते, पण लक्ष बोलण्यात होतं. त्या दिवशी बायकोला मध्येच "थांब" म्हणालो आणि गाडी बाजूला घेतली. पाय थरथरत होते. आता निघण्याआधी इअरबड डबीत आणि डबी डिकीत.

पुन्हा मी, सिंहगड रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. मगरपट्ट्याच्या ताई, फोन उजव्या खिशातच असायचा आणि हेडसेट डाव्या कानात. काल रात्री माइकची जाळी ब्रशने साफ केली, आज फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवला आणि बस वडगावच्या पुलाखाली असताना आईला लावला.

"बीपीच्या गोळ्या आहेत ना?"

जरा थांबली. मग म्हणाली, "नाहीत रे. गुरुवारीच संपल्या."

कराडच्या मित्राला लगेच फोन केला. तासाभरात तो गोळ्या देऊन आला.